गाठीची रसद



पोलादपूरहून एका भगिनींचे चार पानी पत्र आम्हाला आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही. त्यांचे अब्बा पोलादपूर ते कुडपण रस्त्यावर वडापची जीप चालवत. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची भूक गेली, वजन उतरले, उजव्या बरगडीखाली जड वाटू लागले. तपासण्या झाल्या. लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात, कॅन्सरची गाठ निघाली आणि ती ऑपरेशन करण्यापलीकडे गेलेली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सोराफेनिब नावाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि समजावले, "या गोळीने गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा आहे. गाठीला उपाशी ठेवायचे आहे."

या एका वाक्याचे घरात दोन अर्थ झाले. अम्मी म्हणाल्या, अब्बांच्या अंगात आधीच रक्त कमी आणि ही गोळी रक्त आटवते, तेव्हा रोज नको, एक दिवसाआड देऊ. थोरल्या भावाने ठरवले की गाठीला उपाशी ठेवायचे तर तिला पोसणारे सगळे बंद करायला हवे. मग दूध बंद, अंडी बंद, गोश्त बंद, खजूर बंद. सकाळ-संध्याकाळ नाचणीची पातळ पेज. दीड महिन्यात वजन आणखी सहा किलोंनी घटले. "आमच्या घरात बरोबर कोण?" असे भगिनींनी विचारले आहे.

बरोबर कोणीच नाही. दोघांनाही बोल लावण्यासारखे मात्र काही नाही, कारण डॉक्टरांचे वाक्य खरे असूनही अपुरे होते. "गाठीला उपाशी ठेवायचे" हे शब्द आम्ही इतरही घरांतून ऐकले आहेत आणि त्यापायी उपाशी राहिलेली माणसेही पाहिली आहेत. म्हणून या महिन्याचे पान याच विषयाला देत आहोत.

कुडपण ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पोलादपूरहून कापड्यावरून वर चढत जाणारा वळणांचा रस्ता, सह्याद्रीच्या कड्याखाली विखुरलेल्या वाड्या, पलीकडे प्रतापगडाचा मुलूख. पावसाळ्यात भीमाची काठी हा धबधबा बघायला लांबून लोक येतात. अशा डोंगरात झऱ्याच्या कडेला एखादे झोपडे नुसत्या ओंजळीच्या पाण्यावर चालते. पण तिथे दहा घरे झाली की ओंजळ पुरत नाही. वरच्या झऱ्याला नळी जोडावी लागते, पायवाटेचा रस्ता करावा लागतो. नळी आणि रस्ता नसेल तर वाडी वाढत नाही.

कॅन्सरच्या गाठीचेही असेच असते. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीला प्राणवायू आणि अन्न लागते. ते सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपून येते, पण झिरपून फार लांब जात नाही. मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा, एवढेच. त्यामुळे गाठ एक-दोन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी होईपर्यंत शेजारच्या रक्तवाहिनीवर तगते. पुढे वाढायचे तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. ती काय करते? आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना रासायनिक सांगावा धाडते. सांगावा पोचला की चांगल्या रक्तवाहिनीला नवे फाटे फुटतात आणि ते गाठीकडे सरकू लागतात. या सांगाव्यांतला सर्वांत महत्त्वाचा जो आहे त्याचे नाव व्हीईजीएफ. अमेरिकेत नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला.

मूळ कल्पना मात्र त्याच्याही आधीची, ज्यूडा फोकमन या सर्जनची. एका यहुदी धर्मगुरूंचा हा मुलगा. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत त्यांनी सशाची थायरॉईड ग्रंथी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून तिच्यात कॅन्सरच्या पेशी सोडल्या. पेशी बारीक ठिपक्याएवढ्या वाढल्या आणि थांबल्या. मेल्या नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या. त्याच पेशी जिवंत उंदरात घातल्या तेव्हा भराभर वाढल्या. फरक एवढाच की भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या. १९७१ मध्ये फोकमन यांनी लेख लिहून मांडले की रक्तवाहिन्यांची वाढ रोखली तर गाठ रोखता येईल. पुढची कित्येक वर्षे बऱ्याच विद्वानांनी ते हसण्यावारी नेले. मग १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांची बातमी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकली आणि एका रात्रीत कॅन्सर बरा झाल्याचा गाजावाजा झाला. उंदीर बरे झाले होते, माणसे अजून व्हायची होती. बातम्या वाचताना हा फरक आपणही लक्षात ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे निम्मे चमत्कार उंदरांवरचेच असतात.

माणसांसाठी पहिले औषध फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याचे नाव बेव्हॅसिझुमॅब, ते शिरेतून देतात. गाठीने धाडलेला सांगावा ते वाटेतच पकडते. सोराफेनिब ही गोळी वेगळ्या रीतीने काम करते. सांगावा रक्तवाहिनीपर्यंत पोचतो, पण ही गोळी रक्तवाहिनीचे कान बंद करते. शिवाय गाठीच्या पेशींनाही ती थोडी थेट अडवते. किडनीच्या कॅन्सरसाठी ती २००५ मध्ये आणि यकृताच्या कॅन्सरसाठी २००७ मध्ये मंजूर झाली.

यकृताच्या बाबतीत ही युक्ती का लागू पडते तेही पाहण्यासारखे आहे. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन हिस्से आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून आणि एक हिस्सा धमनीतून. निरोगी यकृत मुख्यतः शिरेच्या रक्तावर जगते, तर गाठ बहुतेक सगळे रक्त धमनीतून ओढते. म्हणून काही रुग्णांमध्ये डॉक्टर जांघेतून बारीक नळी घालून थेट त्या धमनीच्या फाट्यापर्यंत जातात, तिथे औषध सोडतात आणि फाटा बुजवतात. गाठीची रसद तुटते, उरलेले यकृत शिरेच्या रक्तावर चालू राहते. प्रत्येकाला हा उपाय करता येत नाही. आपल्या रुग्णाला येतो का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता अम्मींच्या शंकेकडे येऊ. ही गोळी अंगातले रक्त आटवण्यासाठी नाही. तिचा रोख नव्या फाट्यांवर आहे. धडधाकट मोठ्या माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या फारशा फुटत नाहीत. जखम भरताना फुटतात, स्त्रियांच्या पाळीत आणि गरोदरपणात फुटतात, एवढेच. त्यामुळे शरीराचा मोठा भाग या औषधातून सुटतो. अब्बांचे हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचे कारण वेगळे शोधावे लागेल, आणि यकृताच्या आजारात ते शोधणे फार महत्त्वाचे असते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून हळूहळू रक्त जात असेल तर ते आधी थांबवावे लागते. म्हणून ही भीती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, पण मनाने गोळी एक दिवसाआड करू नये. रक्तात औषध कायम राहिले तरच कान बंद राहतात. त्रास होत असेल तर डॉक्टर स्वतःच डोस कमी करतात किंवा काही दिवस गोळी थांबवतात. असे बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत करावे लागते, त्यात वावगे काही नाही. फक्त ते डॉक्टरांनी ठरवावे.

आणि भावाला आमचे सांगणे असे की अब्बांना आधी जेवू घाला. नळी गाठीची तोडायची आहे, ताट माणसाचे ओढायचे नाही. आपण जेवलो नाही तर गाठ उपाशी राहत नाही. ती शरीराच्या मांसातून, चरबीतून आपला वाटा ओढत राहते आणि झिजतो तो माणूस. यकृताच्या रुग्णाचे स्नायू आधीच झपाट्याने उतरतात. त्याला अंडी, मासे, डाळ, दही यांची गरज असते. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि रात्री झोपण्यापूर्वीही काही. पोटात पाणी होत असेल तर मीठ कमी करायला सांगतात. क्वचित कोणाला इतर बंधने असतात, ती डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील. नाचणीची पेज चांगलीच आहे, पण तिच्यावरच माणूस ठेवायचा नाही.

जेवणाचा आणि गोळीचा संबंध एवढाच की सोराफेनिब जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तास नंतर घ्यायची असते. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतली तर ती अंगाला कमी लागते. दिवसातून दोन वेळा ती पाण्याबरोबर घ्यायची असल्याने रमजानचा प्रश्न येतोच. आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआनातच दिली आहे. तरीही काही बुजुर्ग हट्टाने रोजा धरतात आणि गोळ्या सहरी-इफ्तारच्या भरल्या पोटी घेतात. घरच्यांनी अशा वेळी आलिमांना विचारावे आणि डॉक्टरांचा सल्ला सोबत घेऊन जावे, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही नीट सांगता येते. कलौंजी आणि मध यांच्याबद्दलही पत्रात विचारले आहे. भाजीतली कलौंजी वेगळी आणि बाटलीतून मिळणारा तिचा अर्क, काढा किंवा कॅप्सूल वेगळी. यकृत दुबळे असताना कोणताही अर्क डॉक्टरांना न सांगता देऊ नये.

औषध रक्तवाहिन्यांवर काम करते, म्हणून त्याचे त्रासही रक्तवाहिन्यांच्या वाटेने येतात. पहिला म्हणजे ब्लडप्रेशर. आधी कधी प्रेशर नसलेल्या माणसाचेही ते वाढू शकते आणि वाढलेले कळत नाही. म्हणून पहिले सहा आठवडे दर आठवड्याला मोजावे, नंतरही मोजत राहावे. यासाठी मुंबईला जायची गरज नाही. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलादपूरचे ग्रामीण रुग्णालय, किंवा घरी एखादे मशीन. वहीत तारीख आणि आकडा लिहून ठेवला की पुढच्या खेपेला डॉक्टरांचे अर्धे काम झालेले असते.

दुसरा त्रास हातापायांचा. तळहात-तळपाय लाल होतात, झोंबतात, दाब पडतो तिथे जाड चट्टे किंवा फोड येतात. बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. शेतात राबलेल्या, भेगाळलेल्या टाचांना आणि रोज क्लच दाबणाऱ्या तळव्यांना तो अधिक छळतो. गोळी सुरू होण्याआधीच टाचांची जाड कातडी मऊ करून घ्यावी, डॉक्टर देतील ते युरियाचे मलम लावावे, मऊ सपाता वापराव्यात, अनवाणी चालू नये. वुजूला आणि आंघोळीला कडक पाणी घेऊ नये, कोमट घ्यावे. फोड आले तर "गोळी बाधली" म्हणून गुपचूप बंद करू नये, फोन करावा.

तिसरी गोष्ट जखमेची. जखम भरायला नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि नेमक्या त्याच हे औषध अडवते. म्हणून दात काढणे, गाठ कापणे, कसलेही छोटे-मोठे ऑपरेशन असेल तर आधी सांगावे, "मी ही गोळी घेतो." ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी सोराफेनिब किमान दहा दिवस थांबवतात, बेव्हॅसिझुमॅबच्या बाबतीत किमान अठ्ठावीस दिवसांचे अंतर ठेवतात. जुलाब आणि थकवा तर बऱ्याच जणांना होतो. पण शौचास काळे डांबरासारखे होणे, उलटीत रक्त, छातीत दुखणे, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा.

महाड-पोलादपूरच्या घरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २२ जुलै २०२१ च्या पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, महाड तालुक्यात तळिये गाव गाडले गेले, महाड शहर पाण्याखाली गेले आणि रस्ते तुटले. अशा भागात राहणाऱ्या रुग्णाने जूनअखेर गोळ्यांचा जादा साठा घरात ठेवावा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोन-तीन मोबाईलमध्ये ठेवावा. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचेच अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र आहे, आपल्याच रायगड जिल्ह्यात. परळऐवजी तिथे तपासणी होऊ शकेल का, ते विचारून पाहावे. पोलादपूरच्या रुग्णाची निदान खारघर ते परळ ही दगदग तरी वाचेल.

या गोळीच्या किमतीचा इतिहास मुंबईत घडला आहे आणि तो घराघरांत माहीत असायला हवा. जर्मनीच्या बायर कंपनीची ही गोळी भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत असे. नाटको या हैदराबादच्या कंपनीने अर्ज केला की आम्ही ती स्वस्तात देऊ, परवाना द्या. पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमात अशी तरतूद आहे, पण तोपर्यंत ती कधी वापरली गेली नव्हती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून कंट्रोलर पी. एच. कुरियन यांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. १२० गोळ्यांची, म्हणजे महिन्याची किंमत नऊ हजारांच्या आत आली. दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत द्यायची अटही घातली. बायरला विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी मिळाली, ती अपिलात सात टक्के झाली. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, तिथे २०१४ मध्ये हरली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. २०२० मध्ये पेटंटची मुदतच संपली आणि आता अनेक कंपन्यांची ही गोळी मिळते. दुकानागणिक भाव वेगळा असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावे. दागिने गहाण टाकल्यावर विचारून उपयोग नसतो.

एवढे सगळे करून मिळते किती? हे लपवून ठेवणे आम्हाला पटत नाही. ज्या चाचणीवरून ही गोळी यकृताच्या कॅन्सरसाठी मान्य झाली तिच्यात ६०२ रुग्ण होते. खरी गोळी न घेणाऱ्यांपैकी निम्मे ७.९ महिन्यांपुढे जगले, घेणाऱ्यांपैकी निम्मे १०.७ महिन्यांपुढे. म्हणजे काही जण त्याहून पुष्कळ जास्त जगले, काही कमी. गाठ बहुधा वितळत नाही, तिची वाढ मंदावते. काही काळाने ती दुसरे सांगावे धाडून दुसरी वाट काढते. २०२० पासून बेव्हॅसिझुमॅब आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारे अटेझोलिझुमॅब यांची जोडी यकृताच्या कॅन्सरमध्ये सोराफेनिबपेक्षा सरस ठरली आहे, पण ती शिरेतून द्यावी लागते, फार महाग आहे आणि रक्तस्रावाचा धोका असल्याने आधी दुर्बिणीने अन्ननलिका तपासावी लागते. आपल्या रुग्णासाठी काय जमेल याचा हिशेब डॉक्टरांबरोबर बसून, रुग्णाला सोबत घेऊन करावा. वेळ किती आहे हे अब्बांनाही कळले पाहिजे. भेटायचे, माफ करायचे-मागायचे, देणे-घेणे, वसियत हे सगळे माणसाला स्वतः करायचे असते.

कमी खर्चाचा एक प्रयत्न आपल्या परळच्या टाटा रुग्णालयात झाला आहे. तोंडा-घशाचा कॅन्सर, जो मिश्री, तंबाखू आणि गुटख्यामुळे आपल्याकडे इतका दिसतो, तो परत उलटलेल्या किंवा ऑपरेशनपलीकडे गेलेल्या ४२२ रुग्णांवर हा अभ्यास झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीप्रमाणे शिरेतून सिस्प्लॅटिन, निम्म्यांना घरी घ्यायच्या दोन स्वस्त जुन्या गोळ्या: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज. थोडे थोडे औषध सतत देत राहायचे, असा हा मार्ग. त्याचा एक परिणाम गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखण्याचा असतो असे मानतात. गोळ्या घेणाऱ्यांचा मध्यम काळ ७.५ महिने निघाला, सिस्प्लॅटिनवाल्यांचा ६.१. तीव्र त्रास १९ टक्क्यांना झाला, तिकडे ३० टक्क्यांना. दर तीन आठवड्यांनी सलाईनसाठी मुंबई गाठण्यापेक्षा घरी राहून हे झाले, ही डोंगरातल्या माणसाला लहान गोष्ट नाही.

मात्र या गोळ्या यकृताच्या कॅन्सरसाठी नाहीत. मेथोट्रेक्सेट तर यकृताला जपूनच द्यावी लागते, आणि आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतते. एका घरातल्या रुग्णाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्या घरातल्या रुग्णाला देऊ नयेत, नाव सारखे वाटले तरीही.